पोपटाचं बोरन्हाण

माझ्या बायकोने पिंजऱ्यातल्या घंटेचा लोलक पकडीने उपटून काढला, तेव्हा मी म्हणालो की आता ही घंटा राहिली नाही, नुसती टोपी झाली. ती हसली नाही. पोपटाच्या बाबतीत तिला थट्टा खपत नसे. लोलक चोचीने ओढला की सुटतो, सुटला की गिळला जातो, आणि गिळल्यावर पुढे काय होतं ते तिने मोबाइलवर पाहिलं होतं. तेही तिने मला जेवताना सविस्तर सांगितलं. मी आमटीभात खात होतो.

पोपट म्हणतो खरा, पण हिरव्या अंगाचा, लाल चोचीचा आपला पोपट तो नव्हे. तो पाळायला कायद्याने बंदी आहे आणि बायकोला कायदा मोडलेला चालत नाही. हा परदेशी जातीचा होता. राखाडी अंग, पिवळं तोंड, गालावर शेंदरी ठिपका आणि डोक्यावर तुरा. घाबरला की तुरा ताठ, लाडात आला की मागे पडलेला. बोलायला त्याला येत नव्हतं, शिट्टी मात्र फर्मास घालायचा. कुकरची शिट्टी त्याने आल्या आल्याच उचलली आणि त्यापायी आमच्याकडे डाळ किती वेळा कच्ची राहिली ते विचारू नका. बायको गॅस बंद करून टाकायची आणि हा पिंजऱ्यात मान वाकडी करून आमची फजिती बघत बसायचा.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लग्न झालं तेव्हा आम्ही दोघांनी एका मुलासाठी ते नाव ठरवून ठेवलं होतं. मुलगा झाला नाही. मुलगीही झाली नाही. दवाखाने झाले, वणीला जाऊन नवस झाले, लोकांनी सांगितलेलं सगळं करून झालं आणि मग पन्नाशीच आली. नाव तसंच शिल्लक राहिलं होतं. दिवाळीनंतर एका रविवारी तिने तो पिंजरा सिडकोतल्या आमच्या घराच्या गॅलरीत टांगला आणि त्या नावाने त्याला हाक मारली. मी आत जाऊन सकाळचा वाचून झालेला पेपर पुन्हा वाचत बसलो.

मी सिन्नरच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. सकाळी कंपनीची बस धरतो, संध्याकाळी परत येतो. बायको घरीच हलव्याचे दागिने करते. नाशिकला थंडी पडली की तिचा हंगाम सुरू होतो. शेगडीवर परात, परातीत तीळ नाहीतर खसखस, त्यावर चमच्या-चमच्याने साखरेचा पाक, आणि बोटांनी हलवत राहायचं. बोटं भाजतात, पाठ मोडून येते. थंडी चांगली असली की हलव्याला काटा येतो. मग तो पांढरा काटेरी हलवा ओवायचा, चिकटवायचा, जरीची किनार लावायची. मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा, मुलगा असला तर बासरी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर लहान मुलांची बोरन्हाणं चालतात. मुलाला काळं झबलं घालायचं, हे दागिने घालायचे, पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या ओतायच्या. आजूबाजूची पोरं ती लूट गोळा करतात. आमच्या भागातल्या कितीतरी मुलांच्या पहिल्या संक्रांतीच्या फोटोंत त्यांच्या डोक्यावर माझ्या बायकोने केलेला मुकुट आहे. एकाही फोटोत ती स्वतः नाही.

दागिने पोचवायला गेली की तिला बसा म्हणतात, चहा देतात, हातात तिळगूळ ठेवतात. ओवाळायची वेळ झाली की कुणीतरी अगदी प्रेमाने म्हणतं, तुम्हाला अजून बाकीच्या ऑर्डरी पोचवायच्या असतील ना. मग ती उठते. वाकडं कुणीही बोलत नाही, सगळे फार चांगले वागतात. त्या चांगल्या वागण्याचा मला संताप येतो. तिला म्हणे येत नाही. ती म्हणते, त्यांची रीत आहे, त्यांचं मूल आहे.

असो. तर हा पोपट आल्यापासून आमच्या घरात एक वेगळंच खातं उघडलं. पोपट पाळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर बायको जाऊन बसली आणि तिथून रोज नवी भीती घरात येऊ लागली. दुकानदाराने पिंजऱ्यासोबत फुकट दिलेली खेळणी पहिल्याच दिवशी बाहेर पडली. साखळीच्या कड्यात नखं अडकतात म्हणून साखळी गेली. किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी रिंग होती, तिच्या फटीत चोच अडकते म्हणून ती गेली. सुती दोरीचा झोका मला आवडला होता, पण दोरीचे धागे सुटतात, धागा पायाला गुंडाळला की बोट काळं पडतं, पोटात गेला की गाठ होते. झोका गेला. आरसा गेला, कारण आरशातल्या पोपटाच्या प्रेमात पडून पक्षी खाणंपिणं सोडतो. मी म्हणालो, माणसंही सोडतात. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

नवं खेळणं घरात आलं की ते आधी तिच्या हातात जायचं. ती ते दातांनी चावून पाहायची. रंग लागतोय का, तुकडा पडतोय का, टोक कुठे आहे. लोखंडी वस्तूवर जस्ताचा मुलामा असला तर तो पोपटाला विष असतो, म्हणून तिने मला स्टोअरचा माणूस म्हणून कामाला लावलं. हे स्टील आहे का, हे खरंच स्टील आहे का, कशावरून. चुंबक घेऊन ती माझी परीक्षा घ्यायची. नॉनस्टिकचा तवा तापला की त्याच्या वाफेने पक्षी मरतात हे कळल्यावर तवा कामवाल्या मावशींना देऊन टाकला आणि आमच्या घरी पुन्हा बिडाच्या तव्यावर डोसे चिकटू लागले. शेवटी पिंजऱ्यात काय उरलं, तर लिंबाच्या झाडाची फांदी, खरवडलेली करवंटी, मक्याच्या कणसाची सालं, पुठ्ठ्याची नळी आणि ती मुकी घंटा. त्याला तेवढं पुरत होतं. पुठ्ठ्याचा भुगा करण्यात त्याचा अख्खा दिवस जायचा.

एकदा सायखेड्याहून माझा मेहुणा आला. त्याची द्राक्षाची बाग आहे. बहिणीने पक्षी पाळलाय म्हटल्यावर तो बागेतल्या जुन्या वेलीच्या वाकड्यातिकड्या काड्या घेऊन आला. छान दिसत होत्या, बसायला आणि कुरतडायला अगदी झकास. बायकोने त्या हातात घेतल्या, नाकाशी नेल्या आणि गॅलरीबाहेर ठेवून दिल्या. बागेत फवारणी किती होते हे तिला लहानपणापासून माहीत. मेहुण्याचा चेहरा पडला. "ताई, ही द्राक्षं लोक खात्यात की," तो म्हणाला. ती म्हणाली, लोक धुऊन खातात. काड्या तो परत घेऊन गेला.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगतो, की माझ्या बायकोएवढी जपणारी बाई मी पाहिलेली नाही. पुढे लोक जे बोलले ते मला माहीत आहे. हौशी लोक असतात, पक्षी आणतात आणि मारतात, असं बोलले. त्यांनी आमचा पिंजरा पाहिला नव्हता.

संक्रांत आली. त्या दिवशी सगळं नाशिक गच्चीवर असतं. पतंगाचा नायलॉनचा मांजा वाईट, माणसाचा गळा कापतो, पक्ष्याचं तर विचारूच नका. बायकोने सकाळपासून घराच्या खिडक्या बंद केल्या, गॅलरीचं दार लावलं, पिंजरा आतल्या खोलीत आणला. बाहेर पतंग कापल्याच्या, ‘काप्पो’च्या आरोळ्या चालल्या होत्या आणि आम्ही दोघं बंद घरात घामाघूम. दुपारी तिने कपाटातून एक पुठ्ठ्याचा डबा काढला. मला म्हणाली, हसू नका.

डब्यात दागिने होते. बोटभर लांबीचा हार, पैंजणाएवढा कमरपट्टा आणि वाटीच्या तळाएवढा मुकुट. मुकुटाच्या शेंड्याला तिची नेहमीची खासियत होती. बारीक सोनेरी तार दाभणावर गुंडाळून ती तिची स्प्रिंग करते आणि स्प्रिंगच्या टोकाला हलव्याचा एकच मोठा दाणा बसवते. मूल जरा हललं की तो दाणा डुलतो आणि सगळ्या बायका खूश होतात. नाशकात असा डुलणारा मोती दुसरं कुणी करत नाही. पोपटाच्या मुकुटालाही तिने तो बसवला होता, मोहरीपेक्षा जरा मोठा.

मी हसलो नाही. मला हसू आलंच नाही. पहिली संक्रांत आहे त्याची, ती म्हणाली, आणि मी पाट आणायला गेलो.

पाटावर काळं फडकं घातलं. तो पाटावर उभा राहून फडक्याची वीण चोचीने उसवायला लागला. तिने त्याला ओवाळलं. मग दोन्ही हातांनी चुरमुरे आणि बारीक बोरं त्याच्या अंगावरून हलकेच सोडली. तो आधी दचकला, तुरा ताठ, मग चुरमुरे दिसले आणि खाली उतरून स्वतःच लूट करू लागला. हार त्याने गळ्यात राहू दिला नाही. मुकुट तर तुऱ्यामुळे बसेचना. तेवढ्यात मी मोबाइलवर एक फोटो काढला, त्यात तो अर्धा पळालेला आहे आणि बायकोचा हात मध्ये आलाय. तिने तो फोटो कुणालाच पाठवला नाही. मलाही पाठवू दिला नाही. लोक म्हणतील, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

मग मुकुट टाकायचा कसा, म्हणून तिने तो पिंजऱ्यात फांदीच्या वर बांधला. वाढदिवसाच्या फुग्यांसारखा, घर सजवायला. जी बाई करवंटीची कड दातांनी तपासायची, तिने स्वतःच्या हाताने तो मुकुट पिंजऱ्यात लावला. तो खेळणं नव्हताच. सणाचा दागिना होता, आणि दागिना तपासून पाहायची वस्तू आहे असं आपल्याकडे कुणाच्याही मनात येत नाही. माझ्याही आलं नाही.

तो दाणा डुलला की त्याला कोण आनंद. दिवसभर चोच मारायचा आणि गोड लागतं म्हणून पुन्हा मारायचा. दोनचार दिवसांत हलवा खाऊन संपला, उरलेल्या पुठ्ठ्याला मुंग्या लागल्या, तेव्हा बायकोने तो काढून टाकला.

त्यानंतर शिट्टी बंद झाली. कुकर होऊन गेला तरी तो गप्प. मग तो फांदीवरून खाली उतरला आणि पिंजऱ्याच्या तळाला फुगून बसला. शीट हिरवी, पाण्यासारखी. खाल्लेले दाणे मान झटकून बाहेर टाकायचा. बायकोने पिंजऱ्यातली एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. फांदी, करवंटी, पुठ्ठा, घंटा. कितीतरी वेळ ती त्यांच्याकडे बघत उभी होती. मी म्हणालो, थंडी बाधली असेल. ती म्हणाली, दवाखान्यात न्या.

आमच्या शहरात कुत्र्यांचे डॉक्टर पुष्कळ आहेत, म्हशींचेही आहेत. पक्ष्याला हात लावणारा एक तरुण डॉक्टर सापडला. भला माणूस होता. त्याने स्पष्ट सांगितलं की पक्ष्यांचं फारसं येत नाही, पण बघतो. तो स्टेथोस्कोप कानाला लावत होता तेवढ्यात बायको म्हणाली, "आधी एक्स-रे काढा." तपासायच्या आधीच एक्स-रे कशाला, असं मला वाटलं. डॉक्टरलाही वाटलं असणार. पण तिचा चेहरा बघून त्याने काढला.

फोटो झाल्यावर ती पक्ष्याला पदरात घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. त्याला ऊब हवी होती. मी आत राहिलो. डॉक्टरने स्क्रीन माझ्याकडे वळवली. एवढासा सांगाडा, काडीकाडीचा, आणि पोटाच्या जागी लख्ख पांढरे ठिपके. त्यातला एक मात्र नुसता ठिपका नव्हता. ती एक वळी होती, दोनतीन वेढ्यांची, गोल, नीट गुंडाळलेली. धातू आहे, डॉक्टर म्हणाला, तारेचे तुकडे दिसतात, मुलाम्यात जस्त किंवा शिसं असेल, ते रक्तात उतरतंय.

मी आयुष्यभर तार, पत्रा, नट, बोल्ट मोजत आलोय. पण ती तार ओळखायला स्टोअरचा अनुभव लागत नव्हता. दाभणावर तशी वळी घालताना मी एकाच बाईला पाहिलंय. मी डॉक्टरला म्हणालो, बाहेर हिला फक्त तार एवढंच सांगा, कसली ते मी सांगतो.

बाहेर आलो. तिने मान वर केली. "पिंजऱ्याची तार आहे," मी म्हणालो. "दाराजवळची. दुकानदाराने फसवलं आपल्याला." तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग "हो," म्हणाली, "तिथे तो कुरतडायचाच." आणि पदर नीट करून उठली. मला हायसं वाटलं. खोटं पचलं याचं मला त्या क्षणी खरोखर हायसं वाटलं.

पिंजरा आम्ही टाकून दिला. पुठ्ठ्याच्या खोक्यात टॉवेल अंथरून, वर दिवा लावून त्याला ठेवलं. रक्तातलं विष उतरवायचं इंजेक्शन नाशकात मिळेना, पुण्याहून मागवलं, ते गाडीने यायला वेळ गेला. आल्यावर रोज दवाखान्यात नेऊन छातीच्या एवढ्याशा मांसात सुई. तार पोटात असेपर्यंत इंजेक्शनाने भागणार नव्हतं आणि एवढ्याशा पक्ष्याचं पोट उघडायला कुणी तयार नव्हतं. आमचा डॉक्टर मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांना फोन करत होता. सगळे म्हणत होते, बघा, पडली बाहेर तर पडली. बायको त्याची शीट रोज काडीने चाळायची. पिवळ्या बल्बखाली चष्मा लावून, हलवा निवडतात तशी. त्यात कधी काही सापडलं नाही.

आणि बाजूला ऑर्डरी होत्याच. रथसप्तमी यायची होती. लोकांच्या मुलांची पहिली संक्रांत आमच्यासाठी थांबणार नव्हती. एका हाताने ती त्याला सिरिंजने पातळ पेज पाजायची, हात धुवायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन मुकुट चिकटवायची. मी म्हणालो, यंदा नाही म्हणून सांग सगळ्यांना. ती म्हणाली, त्यांच्या मुलांनी काय केलंय.

एक दिवस तो जरा बरा वाटला. टॉवेलवरून उठला, खोक्याच्या कडेवर चढायचा प्रयत्न केला, एक बारीकशी शिट्टी घातली. कुकरचीच, पण अर्धी. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. त्या दिवशी आम्ही दोघं पोटभर जेवलो. तेही सांगून टाकतो, कारण नंतर त्याची मला फार चीड आली. उगाच कशाला तेवढं दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन आला. ती मला कामावर कधीच फोन करत नाही. झटके येताहेत म्हणून सकाळीच तिचा मेसेज आला होता आणि मी साहेबांना सांगून लवकर निघायच्या तयारीत होतो. फोनवर ती शांतपणे म्हणाली, "आता घाई करू नका." मी हातातली बॅग टेबलावर ठेवली आणि कंपनीची बस सुटेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

फ्लॅटमध्ये माती नसते. कुंडीत पुरायला ती तयार नव्हती. आपल्याकडे मोठं माणूस गेलं तर जाळतात, लहान मूल गेलं तर पुरतात. तिने त्याला त्याच काळ्या फडक्यात गुंडाळलं आणि आम्ही सायखेड्याला गेलो. मेहुणा रस्त्यावर येऊन उभा होता. गोदावरीच्या काठाला त्याचं शेत आहे. बायकोने काठावरचं बाभळीचं झाड दाखवलं. "ताई, तिथं पावसाळ्यात पानी लय येतं. वर बांधावर घेऊ," तो म्हणाला, आणि वर बांधावर कुदळ घेऊन खड्डा केला. पोपटासाठी लागतो त्याच्यापेक्षा बराच मोठा केला. वर दगड ठेवला, कुत्री उकरू नयेत म्हणून. बायको रडली नाही. घरी येताना बसमध्ये खिडकीशी बसून ती बोटांवरचा चिकटलेला पाक नखाने काढत होती.

मी मनाशी एकच धरलं होतं. पक्षी गेला तो गेला. पण तिच्या हातून गेला हे तिला कळता कामा नये. डॉक्टरला पुन्हा जाऊन बजावून आलो. उरलेली सोनेरी तार तिच्या डब्यात होती, तो डबा उघडला की मी नजर चोरायचो. दुकानदाराला मी घरात मोठमोठ्याने शिव्या द्यायचो. त्याची काही चूक नव्हती, बिचाऱ्याची.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी हंगामातली शेवटची ऑर्डर न्यायला एक सासू आणि सून आल्या. सुनेच्या कडेवर गुटगुटीत पोरगा, सात-आठ महिन्यांचा. सुट्टी होती म्हणून मी घरात होतो. बायकोने डबा उघडून एकेक दागिना दाखवला. सासूबाईंनी मुकुट उचलला आणि नातवासमोर हलवला. मोती डुलला, पोरगा खिदळला आणि दोन्ही हात पुढे करून त्याने तो पकडला. पकडला तो थेट तोंडाकडे.

माझ्या बायकोने तो त्याच्या हातातून ओढून घेतला. फार जोरात ओढला. मुकुट वाकला, पोरगा भोकाड पसरून रडायला लागला. सुनेने त्याला छातीशी धरून दोन पावलं मागे घेतली.

बायको म्हणत होती की आत तार आहे, फोटोपुरतं डोक्यावर ठेवा, लगेच काढा, तोंडात जाऊ देऊ नका, मी आत्ता ही तार काढून देते. पण शब्द एकमेकांत अडकत होते. त्यांना काय दिसलं असेल ते मला दिसत होतं. मूल नसलेल्या एका बाईने सणाच्या तोंडावर त्यांच्या मुलाच्या हातातून मुकुट हिसकावून घेतला होता.

सासूबाईंनी नातवाच्या कानामागची काजळाची तीट बोटाने नीट केली. आवाज चढवला नाही.

"आम्ही मुलं वाढवलीत, ताई," त्या म्हणाल्या. "त्याला काय होतं न् काय नाही ते आम्हाला कळतं. तुम्हाला ते नाही कळायचं."

मी खुर्चीतून उठलो. माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते लिहिण्यासारखं नाही. बायकोने मागे न बघता हात आडवा केला, तसा मी थांबलो. तिने मुकुट टेबलावर ठेवला, पकडीने शेंड्याची तार काढली, वाकलेली कड सरळ केली, हलव्याचा एक दाणा डिंकाने परत चिकटवला आणि डबा बंद करून दिला. त्या डबा घेऊन गेल्या. जिन्यात सून काहीतरी म्हणाली आणि सासू म्हणाली, चल, दृष्ट काढू आधी.

दार लावून मी आत आलो. म्हणालो, त्या बाईला अक्कल नाही, तू मनावर घेऊ नकोस. आणखीही काही बोललो असेन. ती टेबलाशी बसली होती. काढलेल्या तारेचं वेटोळं तिच्या तळहातावर होतं.

"दवाखान्यातून तुम्ही बाहेर आलात आणि पिंजऱ्याचं नाव घेतलंत," ती म्हणाली. "मी हो म्हटलं. तुम्हाला तेवढंच बरं वाटत होतं म्हणून."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"मुंग्या झटकायला मुकुट हातात घेतला तेव्हा शेंडा नव्हता त्याला. मी सगळीकडे शोधला. पिंजऱ्यात, फरशीवर, केरात. एक्स-रे उगाच काढा म्हटलं का मी?"

बाहेर कुणाच्या तरी घरी बोरन्हाण चाललं असावं, पोरांचा गलका ऐकू येत होता.

"त्या म्हणतात मला नाही कळायचं," ती म्हणाली. "कळलं होतं की. सगळ्यांच्या आधी मलाच कळलं होतं. काय उपयोग झाला?"

मग तिने शेगडीवरची परात उतरवून मोरीत नेली आणि चिकटलेली साखर भिजायला पाणी सोडलं. मी टेबलावरचे सांडलेले दाणे गोळा करू लागलो, कारण नाहीतर मुंग्या आल्या असत्या.